३९८ डॉलरला ‘नाही’: शाळेच्या वाढीव पार्सल टॅक्सचं एक प्रकरण

पार्सल टॅक्स म्हणजे शाळांसाठी दर मालमत्तेमागे लावला जाणारा कर. त्याचं हे प्रकरण कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात घडलं. बालवर्ग ते आठवीपर्यंतच्या शाळा, पाच जणांचं निवडून आलेलं बोर्ड, आणि कोविडनंतरचा काळ. डिस्ट्रिक्टचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. कराची रक्कम, घरांची संख्या आणि मतांचे आकडे ओळख पटू नये इतपत इकडेतिकडे केले आहेत. कायद्याचे नियम मात्र जसेच्या तसे आहेत. मी स्वतः या वाढीव कराच्या विरोधकांच्या बाजूला होते, त्यामुळे हे तटस्थपणे लिहिलंय असा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या घरपट्टीच्या कुठल्याही भांडणाचं मूळ १९७८ सालात सापडतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ (थेट मतदारांसमोर ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केलं. तेव्हापासून घरपट्टीचा मूळ दर करपात्र किमतीच्या एक टक्क्यावर बांधलेला आहे. ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि साधारणपणे घर विकलं गेलं की मगच बाजारभावाने नव्याने आकारणी होते. याचा परिणाम आमच्याच गल्लीत दिसतो. समोरच्या बैठ्या घरातले आजोबा सत्तरच्या दशकापासून तिथे आहेत. घर आमच्या दोन बेडरूमच्या कॉन्डोच्या, म्हणजे संकुलातल्या मालकीच्या फ्लॅटच्या, दुप्पट, मागे लिंबाची दोन झाडं, आणि घरपट्टी आमच्या पाव हिश्श्याइतकीही नाही.

दर बांधलेला असल्यामुळे शाळांना जास्तीचे पैसे हवे असले तर दोनच वाटा उरतात. इमारती बांधायच्या किंवा दुरुस्त करायच्या तर रोखे काढायचे. त्याला २००० सालच्या प्रपोझिशन ३९ पासून ५५ टक्के मतं पुरतात. पण रोख्यांच्या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. पगार, ग्रंथालय, संगीत, समुपदेशक यांसाठी पार्सल टॅक्स लावावा लागतो आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. एक टक्क्याची मर्यादा असल्याने हा कर घराच्या किमतीवर लावता येत नाही. म्हणून बहुतेक वेळा जमिनीच्या नोंदीतल्या प्रत्येक पार्सलमागे, म्हणजे प्रत्येक स्वतंत्र मालमत्तेमागे, सरसकट एक रक्कम ठरवली जाते.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये असा एक कर आधीपासून होता, वर्षाला १३८ डॉलर. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. बऱ्याच जणांना तो बिलात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पुढच्या जूनमध्ये त्याची मुदत संपणार होती. बोर्डाने ऑगस्टच्या सुरुवातीला ठराव केला: जुन्या कराच्या जागी ३९८ डॉलरचा नवा कर, नऊ वर्षांसाठी, दर वर्षी महागाईप्रमाणे वाढ, आणि ६५ वर्षांवरच्या घरमालकांनी अर्ज केल्यास माफी. ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर प्रश्न घालायचा तर मतदानाच्या ८८ दिवस आधी ठराव पोचवावा लागतो. तो त्या मुदतीच्या जेमतेम आत पोचला.

आई तेव्हा नाशिकहून आलेली होती. जेवताना हे सगळं ऐकून म्हणाली, “आमच्याकडे घरपट्टी वाढली की नोटीस येते, मग चार जण पालिकेत जाऊन आरडाओरडा करतात. तुम्हाला आधी विचारतायत तर तुमची तक्रार काय आहे?”

अडचण काय होती

तक्रार सांगायला मी कागद घेतला आणि भाजीच्या यादीच्या मागे आकडे मांडले. आमच्या संकुलात ८० कॉन्डो आहेत. कायद्याने प्रत्येक कॉन्डो हे वेगळं पार्सल. ८० गुणिले ३९८ म्हणजे ३१,८४० डॉलर. रस्त्यापलीकडे भाड्याने दिलेल्या ३०० घरांची वसाहत आहे, एका कंपनीच्या मालकीची, एकाच पार्सलवर. त्यांचा कर ३९८ डॉलर. हमरस्त्यावरच्या मॉलचाही तितकाच. मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला तेव्हा आमच्या घरात त्यावर वाद झाला होता. पण लहान घराला सवलत हा विचार तरी त्यात होता. इथे लहान घरं सर्वांत जास्त ओझं उचलणार होती आणि कायद्याने ते रास्तच होतं. २०१३ मध्ये अलामेडा स्कूल डिस्ट्रिक्टच्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं होतं की शाळांचा असा कर सगळ्यांना एकसारखाच लावावा लागतो, घरांना एक दर आणि दुकानांना दुसरा असं चालत नाही.

दुसरी गोष्ट मतदार यादीची. माझ्या शेजारी विदर्भातलं एक जोडपं राहतं. दोघं एच-१बी वर, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षांहून जास्त काळ, घर स्वतःचं, मुलगा दुसरीत. ते कर भरणार, पण मत देऊ शकत नाहीत. समोरचे आजोबा मत देणार, पण अर्ज केला की कर भरणार नाहीत. पलीकडच्या ३०० घरांतले भाडेकरू मत देणार आणि त्यांच्या मालकाला एकदाच ३९८ डॉलर बसणार. यात कोणाचा दोष नाही. पण ज्यांच्या खिशातून पैसे जाणार आणि ज्यांच्या हातात मतपत्रिका पडणार ते लोक इतके वेगळे आहेत, हे मी तोवर कधी एका कागदावर पाहिलं नव्हतं. मी नागरिक होऊन तीन वर्षं झाली होती.

डिस्ट्रिक्टची बाजूही खोटी नव्हती, हे इथेच सांगायला हवं. राज्याकडून मिळणारा निधी मुलांच्या हजेरीवर ठरतो. घरांच्या किमतींमुळे लहान मुलांची कुटुंबं आमच्या भागात येईनाशी झाली होती, कोविडमध्ये काही कायमची निघून गेली होती. मुलं कमी झाली म्हणून शाळेचं छप्पर किंवा मुख्याध्यापक अर्धा होत नाही. शिक्षकांना पगार द्यायचे तर गूगल-ॲपलच्या पगारांवर चालणाऱ्या भाडेबाजारात द्यायचे होते.

म्हणजे पैसे लागणार होते. किती, कोणाकडून आणि किती वर्षं, यावर आमचं भांडण होतं.

समोर असलेले पर्याय

पहिली बैठक आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये झाली. सात माणसं. त्यात एक निवृत्त ऑडिटर बाई होत्या, सत्तरीच्या, वाचताना ओळीखाली पट्टी धरणाऱ्या. आमच्याच संकुलातले दोघं, एक तरुण वडील, एक निवृत्त पोस्टमन. आणि एक गृहस्थ, जे गेली वीस वर्षं प्रत्येक कराला विरोध करत आले होते आणि ज्यांच्या ट्रकच्या मागे तसे स्टिकर होते. त्यांना घ्यायचं की नाही हा आमचा पहिला निर्णय. अनुभव फक्त त्यांच्याकडेच होता. कुठला अर्ज, कुठली मुदत, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कचेरीत कोणत्या खिडकीवर, हे त्यांना तोंडपाठ. आम्ही त्यांना घेतलं. याची किंमत पुढे मोजावी लागली.

गप्प बसणं हा पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही, पण तो तिथे होता. मुलं त्याच शाळेत, शिक्षक ओळखीचे.

बोर्डाशी वाटाघाटी करायला उशीर झाला होता. ठराव झाल्यावर रक्कम बदलायला पुन्हा सभा, पुन्हा ठराव, आणि ८८ दिवसांची मुदत तर संपलेली. तरी ऑडिटर बाई सभेत बोलायला गेल्या. सार्वजनिक बोलण्याला तीन मिनिटं मिळतात. त्यांनी २०० डॉलरपर्यंतची रक्कम सुचवली, अध्यक्षांनी “धन्यवाद” म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

न्यायालयाचा पर्याय छोटा आणि महागडा होता. मतपत्रिकेवरचा मजकूर ७५ शब्दांत बसवावा लागतो. आमच्या मजकुराची सुरुवात वाचन, गणित, ग्रंथालयं आणि गुणी शिक्षक ‘टिकवण्या’पासून होत होती. रक्कम, मुदत आणि वर्षाला जमा होणारे पैसे हे तीन आकडे कायद्याने द्यावेच लागतात. ते शेवटच्या दीड ओळीत होते. जुना कर १३८ होता हे कुठेच नव्हतं. मजकूर लोकांना पाहायला दहा दिवस खुला असतो, तेवढ्यात त्यावर न्यायालयात दाद मागता येते. एका वकिलाने फोनवर फी सांगितली आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

उरली ती मतदार पुस्तिका. प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी जाणाऱ्या पुस्तिकेत प्रश्नाच्या बाजूने ३०० शब्द आणि विरोधात ३०० शब्द छापले जातात. विरोधात कोणीच लिहिलं नाही तर तिथे तशी एक ओळ येते, आणि ती ओळ वाचून माणसाला वाटतं की गावात सगळ्यांचं एकमत आहे. हे तरी करायचंच, असं ठरलं. त्यापुढे मोहीम चालवायची का, यावर मतभेद होते.

मग ऑडिटर बाईंनी चष्मा काढून विचारलं, “हा पडला तर १३८ चं काय?”

दोन तास त्या एका प्रश्नावर गेले. मतपत्रिकेवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच असतं. ‘हो, पण निम्मा’ असं लिहायला जागा नसते. नवा कर पडला तर जुना जूनमध्ये आपोआप संपणार आणि शाळांना एक डॉलरही मिळणार नाही. आमच्यातल्या सहा जणांना १३८ चालू राहायला हवे होते. पोस्टमन तर म्हणाले, १९० करा, मी दारोदार प्रचार करीन. स्टिकरवाले गृहस्थ खांदे उडवून म्हणाले की कर पडला की बोर्ड कमी रक्कम घेऊन परत येतंच, नेहमी येतं. आम्ही त्यांच्या अनुभवावर भिस्त ठेवली. मधल्या काळात काय होईल, हा प्रश्न आम्ही त्या रात्री नीट विचारलाच नाही.

आम्ही काय केलं

मजकूर मी लिहायला घेतला. पहिला मसुदा ६४० शब्दांचा. निवडणूक कायद्यात शब्द मोजायचेही नियम आहेत: गावाचं नाव कितीही लांब असलं तरी एक शब्द, आकड्यांत लिहिलेली संख्या एक शब्द. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवरा पेन्सिलने मोजत होता आणि मी छाटत होते. सर्वांत आधी गेलं ते डिस्ट्रिक्टच्या खऱ्या अडचणींबद्दलचं वाक्य. त्याला २२ शब्द लागत होते. मग १३८ चालू ठेवायला आमची हरकत नाही, हे वाक्य गेलं, कारण स्टिकरवाल्यांनी त्यावर सही करायला नकार दिला. राहिलं ते कॉन्डो आणि मॉलचं गणित, नऊ वर्षं, महागाईची वाढ, आणि शिल्लक निधीचा एक आकडा. वाचायला धारदार झालं होतं. खाली पाच जणांना सह्या करता येतात. आमच्या पाचांत ऑडिटर बाई होत्या, मी होते, आणि स्टिकरवालेही होते.

खर्च आम्ही २,००० डॉलरच्या आत ठेवला. तेवढे किंवा त्याहून जास्त पैसे जमा केले की समिती म्हणून नोंदणी, हिशेबाचे फॉर्म, खजिनदार हे सगळं येतं. अंगणात लावायच्या ९० पाट्या आणि एक पोस्टकार्ड, एवढ्यावर भागवलं. समोरच्यांकडे, म्हणजे कराच्या बाजूने असलेल्यांकडे, पालकांची संस्था, शिक्षकांची युनियन आणि घरं विकणारे एजंट होते. चांगली शाळा म्हणजे घराला चांगला भाव, हे एजंटांनी फारच मोकळेपणाने सांगितलं. डिस्ट्रिक्टनेही चकचकीत माहितीपत्रकं पाठवली. सरकारी पैशाने प्रचार करता येत नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवून दिलंय, पण माहिती देता येते. पत्रकात ‘हो म्हणा’ कुठेच नव्हतं. ग्रंथालयात वाचणाऱ्या मुलांचे फोटो मात्र चार होते.

आमच्या मराठी मंडळात काय झालं ते सांगायलाच हवं. मंडळाची रविवारची मराठी शाळा याच डिस्ट्रिक्टच्या वर्गांत भरते, भाड्याने. गणपती तोंडावर आले होते. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉन्डोचं गणित टाकलं. दहा मिनिटांत ॲडमिनने लिहिलं, “ताई, इथे सध्या फक्त मोदकांच्या ऑर्डरी.” संध्याकाळी एका काकांचा फोन आला. “अगं, त्यांच्या वर्गात आपली मुलं बाराखडी गिरवतात आणि तू त्यांच्याच विरोधात पाटी लावतेस? उद्या त्यांनी खोल्या नाही म्हटलं तर?” मी म्हणाले, “काका, भाडं देतो आपण.” ते म्हणाले, “भाडं सगळेच देतात गं. शब्द ठेवणारे कमी असतात.” मला राग आला होता. आता वाटतं, ते चूक नव्हते.

आणि मग आमची चूक. पुस्तिकेत आणि पोस्टकार्डावर आम्ही लिहिलं होतं की डिस्ट्रिक्टकडे वर्षाच्या खर्चाच्या २९ टक्के इतकी शिल्लक आहे, कायद्याने ३ टक्के पुरते. दोन्ही आकडे अहवालातलेच. पण २९ टक्क्यांतला मोठा भाग कोविडसाठी आलेल्या केंद्राच्या एकरकमी मदतीचा होता, ठरावीक कामांसाठीच वापरता येणारा आणि काही काळात संपणारा. मोकळी शिल्लक १२ टक्क्यांच्या आसपास होती. हे डिस्ट्रिक्टच्या हिशेबनिसाने सभेत, शांतपणे, पान क्रमांक देऊन दाखवलं. ऑडिटर बाईंनी मूळ मसुद्यात मोकळी आणि बांधील असे दोन आकडे वेगळे दिले होते. शब्द कमी करताना मी त्यांची बेरीज केली होती.

पुस्तिका छापायला गेलेली. काय करायचं? स्टिकरवाले म्हणाले, गप्प राहा, आकडा अहवालात आहे, खोटा नाही. पोस्टमन आणि बाई म्हणाले, दुरुस्ती छापा. मत घेतलं, चार विरुद्ध तीन. उरलेल्या पैशातून दुसरं पोस्टकार्ड काढलं: “आमच्या आधीच्या कार्डावरचा २९ टक्के हा आकडा दिशाभूल करणारा होता. मोकळी शिल्लक साधारण १२ टक्के आहे. तरीही आमचं मत तेच आहे, कारण...” आणि खाली कॉन्डोचं गणित. समोरच्यांनी त्याच कार्डाचा फोटो काढून सगळीकडे फिरवला, फक्त पहिलं वाक्य ठेवून. स्टिकरवाले त्या दिवसापासून बैठकीला आले नाहीत. त्यांनी स्वतःच्या खर्चाने वेगळ्या पाट्या लावल्या, त्यांवर शिक्षकांबद्दल जे लिहिलं होतं ते इथे लिहावंसं वाटत नाही. लोकांना मात्र पुस्तिकेत त्यांची सही आमच्या सहीशेजारी दिसत होती.

ऑक्टोबरच्या एका सकाळी मी शाळेच्या फाटकापासून पुरेशा अंतरावर पाटी धरून उभी होते. मुलीच्या तिसरीच्या बाई सायकलवरून उतरल्या, पाटी वाचली, आणि मला म्हणाल्या, “तिचा विज्ञानाचा प्रकल्प छान झालाय.” एवढंच. पाटी कुठे लपवू असं झालं मला.

निकाल

मतदानाच्या रात्री ‘हो’ ६१ टक्के. आमच्यातले दोघं तिथेच खूश झाले. पण कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं नंतर सात दिवसांपर्यंत पोचली तरी मोजली जातात, आणि उशिरा टाकणारे बहुतेक तरुण पालक. दर दोन दिवसांनी काउंटीच्या संकेतस्थळावर आकडा चढत होता. ६२.८. ६४.१. ६४.९. शेवटचा आकडा ६५.४. लागणार होते ६६.६७. सुमारे ११ हजार मतांत दीडशेहून कमी मतांनी कर पडला.

म्हणजे गावातल्या प्रत्येक तिघांपैकी जवळजवळ दोघांनी हो म्हटलं होतं आणि आम्ही जिंकलो होतो. क्लबहाउसमध्ये कोणी पेढे वाटले नाहीत.

फेब्रुवारीत कपातीची यादी आली. कॅलिफोर्नियात पुढच्या वर्षी शिक्षक कमी करायचे तर १५ मार्चच्या आत नोटीस द्यावी लागते. शिक्षक वाचले, कारण केंद्राची मदत अजून थोडी शिल्लक होती. गेले ते ग्रंथालयातले साहाय्यक. पगार सर्वांत कमी, तास अर्धे, आणि जुना १३८ डॉलरचा कर बराचसा त्यांच्यासाठीच वापरला जात होता. जूनमध्ये तो कर संपला. पुढचं पूर्ण वर्ष चारही शाळांची ग्रंथालयं कुलूपबंद, वर्गशिक्षकांनी वेळ काढला तरच उघडायची. मुलीच्या शाळेच्या काचेआड पुस्तकांच्या गाड्या तशाच भरलेल्या दिसायच्या, परत मांडायला कोणी नाही.

बोर्ड परत आलं, हे स्टिकरवाल्यांचं भाकीत खरं ठरलं. पण यायला सोळा महिने लागले. या वेळी अध्यक्षांनी स्वतः ऑडिटर बाईंना फोन केला. तीन बैठका झाल्या. रक्कम १९८, मुदत सहा वर्षं, महागाईची वाढ रद्द, आणि कराच्या पैशांवरच्या देखरेख समितीत कॉन्डोधारकांना एक जागा. पार्सलऐवजी बांधकामाच्या चौरस फुटांवर कर लावा, अशी आमची मागणी होती, म्हणजे मॉल आणि भाड्याची वसाहत आपापल्या आकाराप्रमाणे भरतील. अलामेडाने नंतर तसा कर लावला होता, त्यावरही खटला झाला, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. आमच्या बोर्डाच्या वकिलाने तरीही नको म्हटलं. लहान डिस्ट्रिक्टला खटल्याचा खर्च झेपणार नाही. ते आम्ही सोडून दिलं. पुस्तिकेत विरोधी मजकूर आम्ही दिला नाही. पोस्टमन खरोखर दारोदार फिरले. मार्चमध्ये ७१ टक्क्यांनी कर मंजूर झाला.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी आम्हाला मे महिन्यात होती आणि तेव्हा आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. बोर्डाने एका सर्वेक्षण कंपनीकडून मतदारांना २५०, ३९८ आणि ४९८ डॉलर या रकमांबद्दल विचारून घेतलं होतं. त्याचा अहवाल बोर्डाच्या सभेत, सर्वांसमोर, विषयपत्रिकेच्या अकराव्या क्रमांकावर मांडला गेला. प्रेक्षकांत चार माणसं होती. ३९८ ला ७० टक्क्यांचा पाठिंबा दिसतोय असं कंपनीने सांगितलं आणि रक्कम तिथेच ठरली. त्या रात्री वीस कॉन्डोवाले जाऊन बसले असते तर ऑगस्टमध्ये कदाचित भांडायलाच काही उरलं नसतं. आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. माझ्या शेजारचं जोडपं मत देऊ शकत नव्हतं, पण तीन मिनिटं बोलू नक्की शकत होतं. हे त्यांना आणि मला दोघांनाही पुढच्या वर्षी कळलं.

दुसरं, आमचा आकडा आम्ही कधी सांगितलाच नाही. पाटीवर ‘३९८ नको’ होतं; ‘१३८ चालेल’ कुठेच नव्हतं. ते वाक्य मी शब्दमर्यादेसाठी आणि एका सहीसाठी खोडलं. ते राहिलं असतं तर आम्ही नुसते ‘शाळेचे विरोधक’ ठरलो नसतो, बोर्डालाही सोळा महिने थांबायचं कारण राहिलं नसतं. स्टिकरवाल्यांशिवाय चार सह्या पुरल्या असत्या. त्यांची माहिती वापरून सही मात्र नाकारणं असभ्य वाटलं असतं, पण झालं त्यापेक्षा बरं.

दुरुस्तीचं पोस्टकार्ड काढायला नको होतं, असं आजही आमच्यातल्या तिघांचं म्हणणं आहे. माझं तसं नाही. दुसऱ्या वेळी अध्यक्षांनी फोन कोणाला केला, तर ज्या बाईंनी ते कार्ड लिहिलं त्यांना. पण चूक मुळात झाली ती ३०० शब्दांत दोन आकड्यांचा एक करताना, आणि ती मी पुस्तिका पाठवण्याआधी बाईंना एकदा दाखवली असती तर पाच मिनिटांत पकडली गेली असती. मुदत त्या दिवशी पाच वाजता संपत होती आणि मी पावणेपाचला काउंटीच्या पार्किंगमध्ये होते.

जुन्या कराची मुदत आणि नव्या मतदानाची तारीख यांच्यात एक संपूर्ण शालेय वर्ष रिकामं जाऊ शकतं, हे कॅलेंडरवर सरळ दिसत होतं. पहिल्या बैठकीत ते कोणीतरी फळ्यावर काढायला हवं होतं. काढलं असतं तरी आम्ही कदाचित विरोधच केला असता. मग निदान बोर्डाकडे त्याच ऑगस्टमध्ये लेखी मागणी करता आली असती की हा पडला तर १३८ चं नूतनीकरण पुढच्या वसंतातल्या विशेष निवडणुकीत आणा, आम्ही पाठिंबा देऊ.

देखरेख समितीतली कॉन्डोधारकांची जागा सध्या माझ्याकडे आहे. समिती वर्षातून दोनदा भरते, शाळेच्या ग्रंथालयातच, मुलांच्या ठेंगण्या खुर्च्यांवर. ऑडिटर बाई प्रेक्षक म्हणून येतात, पट्टी घेऊन. साहाय्यकांपैकी दोघी परत आल्या, दोघींना मधल्या वर्षात दुसऱ्या गावात काम मिळालं. मुलीच्या शाळेचं ग्रंथालय आता मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी उघडं असतं. सोमवार आणि बुधवारची जाहिरात लागलेली आहे, अजून कोणी अर्ज केलेला नाही.